नाना शंकरशेट आणि बॉम्बे असोसिएशन : पेढीपासून कायदेमंडळापर्यंत

बॉम्बे असोसिएशन ही मुंबई इलाख्यातील पहिली राजकीय संस्था. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये भरलेल्या सभेत तिची स्थापना झाली आणि तिच्या कारभाराची सूत्रे जगन्नाथ शंकरशेट यांच्या हाती आली. इलाख्याचा कारभार त्या काळी मुंबईतून चाले. पुणे जिल्हा आणि त्यातला मावळ तालुका याच इलाख्यात मोडत असल्याने मावळातल्या भातखाचरावरचा सारा, शाळेतली भाषा, घाटातला रस्ता आणि पुढे आलेला लोहमार्ग यांचे निर्णय मुंबईत होत. त्या निर्णयांत एतद्देशीय माणसाला काही म्हणता यावे, यासाठी जी पहिली संघटित खटपट झाली ती या संस्थेची. तिचा इतिहास सांगायचा तर एका व्यापाऱ्याच्या आयुष्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण संस्थेला लागणारा पैसा, जागा आणि वजन हे तिन्ही त्याच्याकडून आले.

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे आडनाव मुरकुटे, ज्ञाती दैवज्ञ. लोक त्यांना नाना म्हणत आणि महाराष्ट्रात आजही नाना शंकरशेट हेच नाव रूढ आहे. त्यांचे पणजे गणबाशेट घोडबंदराकडून अठराव्या शतकात मुंबईत आले आणि कोटात त्यांनी व्यापाराचा जम बसवला. फोर्टमधील गनबो स्ट्रीट या रस्त्याला त्यांच्याच नावावरून ते नाव पडले होते. आजोबा बाबुलशेट आणि वडील शंकरशेट यांनी सराफी, सावकारी आणि घरजमिनीचा पसारा वाढवला. १७९९ मध्ये टिपूशी झालेल्या युद्धाच्या सुमारास शंकरशेटांच्या व्यापाराला मोठी बरकत आली. नाना चौकाजवळचे भवानीशंकर मंदिर त्यांनीच १८०६ मध्ये बांधले. जगन्नाथ यांच्या आईचे नाव भवानीबाई.

वडील १८२२ मध्ये वारले तेव्हा नानांनी विशीही गाठली नव्हती. इंग्रजी शिक्षण त्यांना घरीच मिळाले होते. एवढ्या कोवळ्या वयात मोठी दौलत हाती आली म्हणजे ती उधळली जाण्याची उदाहरणे त्या काळच्या मुंबईत कमी नव्हती. नानांनी पेढी सांभाळली आणि तिची पत आणखी वाढवली. अरब आणि अफगाण व्यापारी आपली रोकड बँकेपेक्षा नानांच्या पेढीवर ठेवणे पसंत करीत, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. सराफाच्या धंद्यात ‘पत’ हेच खरे भांडवल असते, आणि नानांचे पुढचे सगळे सार्वजनिक आयुष्य या भांडवलावर उभे राहिले. गव्हर्नरांशी बोलताना, वर्गणीची यादी फिरवताना, युरोपियनांनी भरलेल्या मंडळात एकट्याने विरोध नोंदवताना त्यांच्या शब्दामागे हीच पत होती. जन्माने संस्थानिक नाही, पदवीने वकील नाही, सरकारी हुद्दा नाही, अशा माणसाला त्या काळी सत्तेच्या जवळ जाण्याचा दुसरा रस्ता फारसा नव्हता.

नानांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात शाळांपासून झाली. पेशवाई संपून चार वर्षे झाली होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पाठिंब्याने १८२२ मध्ये एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक संस्था निघाली. तीच १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठी आणि गुजराती शाळा काढणे, क्रमिक पुस्तके तयार करून छापणे, शिक्षक घडवणे ही तिची कामे. मराठीतील सुरुवातीची बरीच पाठ्यपुस्तके या संस्थेच्या आश्रयाने निघाली, आणि बापू छत्रे, बाळशास्त्री जांभेकर अशी माणसे तिच्या कामात होती. नाना तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन मायदेशी निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमला. तो पुतळ्यात न घालता प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी वापरायचे ठरले आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. या निधीच्या कामातही नाना पुढे होते. पंचवीस वर्षांनी ज्या वास्तूत बॉम्बे असोसिएशनची सभा भरली, ती याच संस्थेची.

१८४० मध्ये सोसायटीचे काम सरकारने नेमलेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेले आणि नाना त्या बोर्डाचे सभासद झाले. पुढे सुमारे पंधरा वर्षे, म्हणजे सरकारी शिक्षण खाते निघेपर्यंत, ते या बोर्डावर होते. या काळातला एक वाद मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. वरच्या दर्जाचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे आणि बोर्डाचा पैसा मुख्यतः त्याकडे वळवावा, असा त्यांचा आग्रह होता. १८४७ च्या सुमारास हा प्रश्न बोर्डापुढे आला तेव्हा सभासदांत सरळ दोन तट पडले. एका बाजूला पेरी आणि दोन युरोपियन सभासद. दुसऱ्या बाजूला कर्नल जॉर्ज जर्व्हिस आणि तिन्ही भारतीय सभासद, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान असे तिघेही देशी भाषांच्या बाजूने एकत्र उभे राहिले.

नानांची भूमिका इंग्रजीच्या विरोधाची नव्हती. इंग्रजी शिक्षणासाठी त्यांनी स्वतःचा पैसा ओतला होता आणि त्यांची मुलेही ती भाषा शिकली. त्यांचे म्हणणे असे की, इंग्रजीत पारंगत होण्याइतका वेळ आणि पैसा थोड्याच लोकांजवळ असतो. नवे ज्ञान सामान्य रयतेपर्यंत पोहोचवायचे तर ते तिच्या भाषेतूनच पोहोचेल, आणि त्यासाठी देशी भाषांत चांगली पुस्तके होणे आधी गरजेचे आहे. सरकारने अखेर मधला मार्ग काढला. वरच्या शिक्षणात इंग्रजीचेच वर्चस्व वाढत गेले. पण खालच्या शाळांतून मराठी हटली नाही. पुढे खेडोपाडी ज्या सरकारी मराठी शाळा निघाल्या त्यांच्या मागे या वादात घेतलेली ठाम भूमिका आहे. मुंबईच्या सराफ पेढीवरचा माणूस खेड्यातल्या मुलाच्या बाजूने इतक्या चिकाटीने भांडला, ही गोष्ट त्याच्या देणग्यांपेक्षा मोठी मानायला हवी.

मुलींच्या शिक्षणातही त्यांनी असाच पुढाकार घेतला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही सभा काढली. दादाभाई नवरोजी आणि त्यांचे सहकारी हे तिचे चालक. या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींसाठी पारशी आणि मराठी शाळा सुरू केल्या. मुलगी शाळेत पाठवणे हा त्या वेळी घरोघरी भांडणाचा विषय होता, आणि अशा शाळेला भाड्याने जागा मिळणेही मुष्कील. नानांनी आपल्या वाड्याच्या आवारात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. गिरगावातल्या सर्वांत प्रतिष्ठित घराच्या आवारात शाळा भरू लागल्यावर आसपासच्या मंडळींना तिला नावे ठेवणे अवघड झाले.

याच काळात शहराच्या कारभारातही नानांचा प्रवेश झाला. मुंबईचा नागरी कारभार त्या वेळी जस्टिस ऑफ दि पीस, म्हणजे लोकांच्या तोंडी जे. पी., यांच्याकडे असे. रस्ते, सफाई, घरपट्टी, दिवाबत्ती यांचा पैसा आणि हिशेब त्यांच्या हाती होता. सुरुवातीला हे सगळे युरोपियन असत. १८३२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून भारतीयांना ग्रँड ज्युरीत बसण्याचा आणि जे. पी. होण्याचा हक्क दिला, आणि १८३४ मध्ये मुंबईत तेरा भारतीय जे. पी. नेमले गेले. नाना त्यांपैकी एक होते. निवडणूक नव्हती आणि मतदारही नव्हते. तरीही शहरावर बसवलेल्या कराबद्दल एतद्देशीय माणसाला अधिकाराने बोलता येण्याची ही पहिली जागा होती.

सोनापूरच्या स्मशानाचा प्रश्न या काळातला. गिरगावालगत समुद्रकाठी असलेली ही दहनभूमी शहराबाहेर, शिवडीकडे हलवावी असे सरकारच्या मनात होते. नानांनी हे प्रकरण हाती घेतले आणि स्मशान जागच्या जागी राहिले. गोरगरिबाला प्रेत खांद्यावरून कोसभर न्यावे लागू नये, हा त्यांचा मुद्दा होता. ग्रँट रोडवरील नाटकगृह त्यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये उभे राहिले. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ मध्ये मुंबईत मराठी नाटकाचे खेळ केले ते याच रंगमंचावर. भायखळ्याची राणीची बाग आणि तिथले वस्तुसंग्रहालय उभारण्याच्या कामातही ते होते. संग्रहालयासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष, आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड व डॉ. भाऊ दाजी लाड हे चिटणीस.

अशा रीतीने १८५० पर्यंत नाना शहरातल्या बहुतेक सार्वजनिक मंडळांवर होते. मात्र ही सगळी मंडळे सरकारने नेमलेली किंवा सरकारच्या आशीर्वादाने चालणारी होती. सरकारला सरळ जाब विचारणारी, स्वतःच्या वर्गणीवर चालणारी अशी संस्था मुंबईत नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीची सनद दर वीस वर्षांनी पार्लमेंटपुढे नूतनीकरणासाठी येई. १८३३ ची सनद १८५३ मध्ये संपणार होती, म्हणजे आपल्या मागण्या पार्लमेंटपुढे मांडण्याची वेळ जवळ आली होती. कलकत्त्यात ऑक्टोबर १८५१ मध्ये ब्रिटिश इंडियन असोसिएशन स्थापन झाली होती. मुंबईने गप्प बसणे म्हणजे पुढची वीस वर्षे गमावणे होते.

२६ ऑगस्ट १८५२ च्या सभेला हिंदू, पारशी, मुसलमान, पोर्तुगीज आणि यहुदी समाजांतील प्रमुख मंडळी हजर होती. सर जमशेटजी जिजीभाई यांना सन्माननीय अध्यक्ष करण्यात आले, प्रत्यक्ष कारभाराचे अध्यक्षपद नानांकडे आले. चिटणीस म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड आणि नानांचे चिरंजीव विनायकराव यांची नेमणूक झाली. जुन्या पिढीचे व्यापारी आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून बाहेर पडलेले तरुण असे दोन प्रकारचे लोक तिथे एकत्र आले होते. दादाभाई नवरोजी यांनी आपले पहिले राजकीय भाषण याच सभेत केले. त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे होते. पैसा आणि वजन थोरांचे, अभ्यास आणि लेखणी तरुणांची, अशी ही जुळणी होती. ती जमवणारा माणूस दोन्हीकडे विश्वासाचा असणे गरजेचे होते आणि नाना तसे होते; कारण या तरुणांची शाळाच त्यांनी पाहिलेली, किंबहुना उभारलेली होती.

असोसिएशनने पहिले काम केले ते पार्लमेंटकडे अर्ज पाठवण्याचे. कंपनीचे संचालक मंडळ आणि लंडनमधील बोर्ड ऑफ कंट्रोल अशा दुहेरी कारभारात जबाबदारी कोणाचीच राहत नाही, असे त्यात स्पष्ट मांडले होते. इलाख्याला स्वतःचे कायदेमंडळ असावे आणि त्यात एतद्देशीयांना स्थान मिळावे, वरिष्ठ नोकऱ्यांची दारे लायक भारतीयांना उघडी व्हावीत, युरोपियन अधिकाऱ्यांवरचा अवाढव्य खर्च कमी करून तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे आणि उपयोगाच्या कामांकडे वळावा, अशा मागण्या होत्या. पुढची पन्नास-साठ वर्षे भारतीय राजकारणात ज्या मागण्या पुन्हापुन्हा आल्या त्यांतल्या मुख्य मागण्या या अर्जात आहेत. भाषा विनयाची असली तरी मजकूर झोंबणारा होता आणि त्याची किंमत संस्थेला लगेच मोजावी लागली. सरकारची मर्जी जाईल या भीतीने काही धनिक सभासद दूर झाले. नाना मात्र मागे हटले नाहीत. पेढीच्या मालकाला सरकारची नाराजी परवडत नाही, असा व्यवहार सांगतो. त्यांनी तो व्यवहार बाजूला ठेवला.

१८५३ चा सनदी कायदा आला तेव्हा त्यात इलाख्यांना कायदेमंडळ मिळाले नव्हते. सनदी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा मात्र सुरू झाली. परीक्षा लंडनला होई, त्यामुळे भारतीयाला ती बराच काळ नावापुरतीच खुली राहिली. असोसिएशनची कायदेमंडळाची मागणी पुरी व्हायला आणखी नऊ वर्षे लागायची होती.

मावळच्या दृष्टीने नानांचे सर्वांत जवळचे काम म्हणजे रेल्वे. मुंबई आणि दख्खन यांच्यामध्ये सह्याद्री आडवा. बोरघाटात सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, गाडीरस्ता खुला झाला होता. तरीही देशावरचा कापूस आणि धान्य मुंबईच्या बंदरात पोहोचायला आठवडे लागत, आणि पावसाळ्यात तर वाहतूक जवळजवळ थांबे. १८४३-४४ पासून मुंबईत लोहमार्गाची चर्चा सुरू झाली. नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८४५ मध्ये त्यासाठी संघटना उभारली. लंडनमध्ये निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी ही खटपट जोडली गेली आणि १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने कंपनी अस्तित्वात आली. तिच्या मुंबईतील संचालकांत भारतीय दोघेच : जमशेटजी आणि नाना. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, पुढे साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने. त्या निमंत्रितांत नाना होते.

कंपनीची खरी कसोटी पुढे होती. रूळ १ मे १८५४ ला कल्याणला आणि १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचले. घाट चढवायला वेळ लागणार म्हणून कंपनीने वरचा भाग आधी बांधून घेतला आणि १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. मावळात रेल्वे आली ती अशी, मुंबईशी जोडली जाण्याच्या आधीच. जवळजवळ पाच वर्षे मुंबईचा प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरे आणि पालखी, डोली, तट्टू नाहीतर बैलगाडी यांतले खिशाला परवडेल ते वाहन घेऊन घाट चढे. सामान हमालांच्या डोक्यावर. खंडाळ्याला पोहोचल्यावर पुन्हा गाडी लागे आणि लोणावळा, तळेगाव करीत ती पुण्याकडे जाई. वाटेत वडगावचे शिवार लागे. त्याच माळावर १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांच्या फौजेने मराठ्यांपुढे शस्त्रे ठेवून तह केला होता. ऐंशी वर्षांनी तिथूनच इंग्रज कंपनीचे रूळ गेले.

घाटाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. सुमारे पंधरा मैल आणि अडुसष्ट साखळ्यांच्या चढणीत मार्ग १,८३१ फूट वर चढतो. त्यासाठी पंचवीस बोगदे खणावे लागले. कामाच्या ऐन भरात, १८६१ च्या सुरुवातीला, बेचाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले अनेक दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट आपल्याकडे घेऊन काम तडीस नेले. एका जागी डोंगराची धार इतकी अरुंद होती की रुळाला वळण घ्यायला जागाच नव्हती. तिथे उलट फिरण्याचे स्थानक बांधले. गाडी तिथे येऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि आलेल्या दिशेकडे पाठ करून गाडी पुढचा चढ चढू लागे. १९२९ पर्यंत गाड्या असाच घाट चढत. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला आणि मुंबई ते पुणे सलग प्रवास सुरू झाला.

मावळचे रूप या रुळांनी पालटले. लोणावळे हे घाटमाथ्यावरचे लहान खेडे रेल्वेच्या कारखान्यामुळे आणि वसाहतीमुळे गाव झाले आणि १८७७ मध्ये तिथे नगरपालिका आली. तळेगाव दाभाडेची नगरपालिका त्याआधीची, १८६६ ची. भात, गवत, लाकूड यांना मुंबई-पुण्याची बाजारपेठ मिळाली. जमशेटजी आणि नाना यांच्यासारख्यांची पत मागे नसती तर मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनी या कंपनीवर विश्वास टाकला असता का, हा प्रश्न रेल्वेच्या इतिहासात फार कमी वेळा विचारला जातो. तो विचारायला हवा.

दरम्यान १८५७ आले. उत्तरेत उठाव पेटला आणि मुंबईतल्या युरोपियनांना सगळीकडे कट दिसू लागला. शहरातला सर्वांत वजनदार हिंदू म्हणून संशय नानांवर आला. बंडवाल्यांशी आणि नानासाहेब पेशव्यांशी त्यांचे संधान असल्याच्या वावड्या उठल्या. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांनी वेषांतर करून शहरभर टेहळणी केली. सोनापूरजवळच्या एका घरात शिपायांच्या बैठका होत असल्याचे त्यांना आढळले, आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजी दोघा शिपायांना मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. नानांविरुद्ध काहीही निघाले नाही. पाच वर्षांपूर्वी ज्याने पार्लमेंटपुढे कंपनीच्या कारभाराची लक्तरे मांडली, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. नानांनी आपली कामे सोडली नाहीत. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे ते फेलो झाले.

ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य १८५८ मध्ये संपले. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने मुंबई आणि मद्रास इलाख्यांना कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला. गव्हर्नरच्या कौन्सिलात कायद्याच्या कामासाठी किमान चार आणि कमाल आठ जादा सभासद नेमायचे, त्यांतले निम्मे तरी बिनसरकारी असायचे, असे कलम त्यात होते. मुंबईच्या कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली भरली. नेमलेल्या भारतीय सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. बाकीच्यांत सावनूरचे नवाब आणि विंचूरकर यांच्यासारखे जहागीरदार घराण्यातले लोक, आणि जमशेटजींचे चिरंजीव रुस्तमजी. आजच्या महाराष्ट्र विधिमंडळाची परंपरा या बैठकीपासून मोजली जाते.

या सभासदांचे अधिकार फारच थोडे होते. मुदत दोन वर्षांची. प्रश्न विचारता येत नसत, अंदाजपत्रकावर चर्चा नव्हती, आणि मंजूर झालेल्या कायद्यालाही गव्हर्नर आणि गव्हर्नर जनरल यांची संमती लागे. असोसिएशनने दहा वर्षांपूर्वी मागितले होते त्याच्या मानाने हे फार तोकडे होते. तरीही इलाख्यासाठी कायदा करायचा तर एतद्देशीय माणसासमोर तो वाचून दाखवावा लागेल, एवढी गोष्ट सरकारला मान्य करावी लागली होती. ती मागणी ज्याच्या अध्यक्षतेखाली झाली, त्यालाच पहिल्या बैठकीत जागा मिळाली.

नानांची शेवटची वर्षे मुंबईच्या इतिहासातल्या सर्वांत बेभान वर्षांत गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहराची लोकसंख्या १८४९ मध्ये साडेपाच लाखांच्या पुढे होती, ती १८६४ मध्ये आठ लाखांवर गेली. नव्या बँका आणि कंपन्यांच्या शेअरांचा सट्टा शिगेला पोहोचला, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात युद्ध थांबताच सगळा डोलारा कोसळला. नामांकित पेढ्या बुडाल्या. याच पडझडीच्या दिवसांत, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना शंकरशेट यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने विनायकरावांनी मुंबई विद्यापीठाला मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. ‘जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती’ हा पुढे महाराष्ट्रातल्या घराघरांत बहुमानाचा शब्द झाला. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती. टाऊन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा बसवण्यात आला.

बॉम्बे असोसिएशनला त्यांच्या मागे तसा धुरंधर अध्यक्ष लगेच मिळाला नाही. पहिल्या अर्जानंतरच्या वर्षांत तिचे काम मंदावले होते आणि नाना गेल्यावर ते जवळपास थांबले. १८६७ मध्ये मंगळदास नथुभाई यांच्या अध्यक्षतेखाली तिचे पुनरुज्जीवन झाले आणि नौरोजी फर्दुनजी यांनी चिटणीस म्हणून कामाला पुन्हा वेग दिला. जमीनमहसूल, मिठावरचा कर, इलाख्याचा खर्च यांवर अर्ज जाऊ लागले. नौरोजींनी १८७३ मध्ये लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे भारताच्या जमाखर्चावर साक्ष दिली. याच सुमारास पुण्यात, २ एप्रिल १८७० रोजी, सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासदाने आपल्या भागातील लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय त्याला सभेत जागा नाही, असा तिचा नियम होता. बॉम्बे असोसिएशनचे सभासद स्वतःच्या प्रतिष्ठेवर बसत. सार्वजनिक सभेने त्यापुढचे पाऊल टाकले, आणि जिल्ह्यांतल्या दुष्काळ व साऱ्याच्या तक्रारी पुण्यातून संघटितपणे सरकारपर्यंत जाऊ लागल्या.

सत्तरच्या दशकाअखेर असोसिएशन पुन्हा थकली. ३१ जानेवारी १८८५ रोजी फिरोजशहा मेहता, काशीनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही नवी संस्था काढली आणि जुन्या असोसिएशनचे काम तिच्याकडे गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन पुण्यात सार्वजनिक सभेच्या व्यवस्थेखाली भरायचे होते. पुण्यात पटकीची साथ आल्याने ते मुंबईला हलवले गेले आणि गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरले. तिथे जमलेल्यांत दादाभाई नवरोजी होते. १८५२ मध्ये नानांच्या अध्यक्षतेखाली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बोलायला उभे राहिलेले दादाभाई पुढच्याच वर्षी, कलकत्त्याच्या अधिवेशनात, राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले.